आईबापाची पेन्शन, लेकराचे लोन

ऑगस्टच्या मध्यावर ए-लेव्हलचे, म्हणजे युनिव्हर्सिटीआधीच्या शेवटच्या शालेय परीक्षेचे, निकाल लागतात आणि पाठोपाठ गणपती येतात. इंग्लंडमधल्या मराठी घरांत ज्यांची मुले त्या वर्षी युनिव्हर्सिटीला निघालेली असतात, त्यांच्या प्रसादाच्या रांगेतल्या गप्पा ठरलेल्या असतात. अशाच एका रांगेत कानावर पडलेला हा संवाद.

"आमच्या मुलाला लोन पाच हजार नऊशे आलं. तुमच्या मुलीला?"

"साडेसहा हजार."

"कसं काय? पगार तर आपले सारखेच की!"

पगार खरोखर सारखेच होते. दोघेही साधारण ४२,००० पौंड कमावणारे. एक सरकारी रुग्णालयात रेडिओग्राफर, दुसरे खासगी कंपनीत. दोघांच्याही बायका अर्धवेळ नोकरी करून १५,००० मिळवणाऱ्या. दोघांचीही दोन मुले, त्यातले धाकटे शाळेत. एक मूल लीड्सला चाललेले, दुसरे शेफील्डला, म्हणजे दोघांनाही दर एकच, लंडनबाहेरचा. तरी लोनमध्ये वर्षाला सहाशेहून अधिक पौंडांचा फरक. रांगेत कोणी म्हणाले, "अर्ज आधी भरला असेल." कोणी म्हणाले, "मुलींना जास्त देतात." दोन्ही चूक. फरक पेन्शनचा होता. त्यातही गंमत अशी, की पेन्शनमध्ये दोघेही जवळपास सारखीच रक्कम भरत होते.

हे कसे घडते ते नीट समजून घेऊ. पुढचे सगळे इंग्लंडच्या नियमांबद्दल आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांची व्यवस्था वेगवेगळी आहे. तिथे राहणाऱ्यांनी यातले आकडे आपल्याला लावू नयेत.

आधी लोनचे गणित

विद्यार्थ्याला सरकारी कर्ज दोन प्रकारचे मिळते. एक फीचे. ते थेट युनिव्हर्सिटीला जाते, आणि आईबापाचे उत्पन्न किती याच्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. दुसरे मेंटेनन्स लोन, म्हणजे राहण्याखाण्याचे कर्ज. ते तीन हप्त्यांत मुलाच्या बँक खात्यात येते, आणि ते किती द्यायचे हे घराच्या उत्पन्नावर ठरते. इथेच सगळी मेख आहे.

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षाचे आकडे घेऊ. घर सोडून लंडनबाहेर शिकणाऱ्याला जास्तीत जास्त १०,५४४ पौंड, लंडनमध्ये शिकणाऱ्याला १३,७६२, आणि आईवडिलांकडे राहून शिकणाऱ्याला ८,८७७. ही कमाल रक्कम मिळते ती घराचे उत्पन्न २५,००० पौंड किंवा त्याहून कमी असेल तर. त्यापुढे उत्पन्न जसे वाढेल तसे कर्ज घटत जाते, आणि एका टप्प्यानंतर किमान रकमेवर येऊन थांबते. लंडनबाहेर ती किमान रक्कम ४,९१५ पौंड आहे, आणि तो टप्पा येतो साधारण ६२,३०० ते ६२,४०० पौंडांवर. लंडनसाठी तो ७०,००० च्या आसपास, घरी राहणाऱ्यांसाठी ५८,००० च्या थोडा पुढे.

मधल्या उतारावर हिशेब सोपा आहे: उत्पन्न एक हजार पौंडांनी वाढले की लोन साधारण दीडशे पौंडांनी घटते. उलटही खरेच, उत्पन्न हजाराने कमी धरले गेले की लोन दीडशेने वाढते. तिन्ही प्रकारांत हा दर थोड्याफार फरकाने सारखाच आहे. पौंडामागे पंधरा पेन्स एवढे डोक्यात ठेवले तर बाकीचा लेख कागद-पेन्सिलीशिवाय वाचता येईल.

त्या २५,००० बद्दल थोडे बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही मर्यादा २००८ पासून जागची हललेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. आठवड्याला साडेसदतीस तास काम करणाऱ्या एकट्या माणसाचे ते वर्षाला सुमारे २३,८०० होते. म्हणजे नवराबायको दोघेही किमान वेतनावर पूर्ण वेळ राबत असतील, तरी सरकारच्या लेखी ते इतके 'सधन' की मुलाच्या लोनमधून तीन हजारांहून अधिक पौंड कापले जातात. ती कापलेली रक्कम आईबापाने घालायची, असे सरकारने गृहीत धरलेले असते. पण पत्रात तसे कुठेही स्पष्ट लिहिलेले नसते. आईबापाने नेमके किती घालायचे तो आकडा त्या पत्रात छापा, असा आग्रह पैशांवर सल्ला देणारे पत्रकार मार्टिन लुईस बरीच वर्षे धरून आहेत. तोवर तो आकडा आपणच काढायचा: कमाल रकमेतून मिळालेले लोन वजा करा, उरेल तो तुमचा वाटा.

'घराचे उत्पन्न' म्हणजे पगार नव्हे

आता मुद्द्याकडे येऊ. हे कर्ज मंजूर करणारी सरकारी यंत्रणा, स्टुडंट फायनान्स इंग्लंड, ज्याला घराचे उत्पन्न म्हणते ते दोघांच्या पगारांची निव्वळ बेरीज नसते. त्यात करपात्र असलेले सगळे येते: पगार, धंद्यातला नफा, घरभाडे, बँकेचे व्याज, डिव्हिडंड, कंपनीकडून मिळणाऱ्या करपात्र सवलती. आयसात (करमुक्त बचत खात्यात) ठेवलेल्या पैशाचे व्याज करमुक्त, म्हणून ते येत नाही. साठवलेली रक्कम आणि राहते घर यांचाही विचार होत नाही. मुलाने स्वतः शनिवार-रविवारी कॅफेत काम करून मिळवलेला पगारही धरत नाहीत. ही भीती बऱ्याच मुलांच्या मनात असते आणि ती उगाच असते.

या बेरजेतून दोन गोष्टी वजा होतात. पहिली, आईबापावर अवलंबून असलेल्या इतर प्रत्येक मुलामागे १,१३० पौंड. दुसरी, आईबापाने त्या वर्षी पेन्शनमध्ये भरलेली, करसवलतीला पात्र असलेली रक्कम. पूर्ण रक्कम, तिला टक्केवारीची वेगळी कात्री नाही. अट एवढीच, की त्या भरण्यावर करसवलत मिळालेली असली पाहिजे.

ही दुसरी वजाबाकी काहींच्या बाबतीत आपोआप होते, काहींना हाताने करावी लागते. आणि कुठल्या गटात आपण आहोत हे बहुतेकांना ठाऊकच नसते. रांगेतल्या त्या दोन बापांमधला फरक इथला.

इंग्लंडात नोकरदाराची पेन्शन पगारातून तीन तऱ्हांनी कापली जाते.

पहिली तऱ्हा सॅलरी सॅक्रिफाइस. आयटी आणि मोठ्या खासगी कंपन्यांत हिचा बराच सुळसुळाट आहे. इथे तुम्ही कागदोपत्री पगारच कमी करून घेता आणि ती रक्कम कंपनी पेन्शनमध्ये घालते. पगारच कमी, म्हणून पी६० वर, म्हणजे करवर्ष संपल्यावर कंपनी देते त्या पगार आणि कराच्या पत्रकावर, कमी पगार दिसतो. वजाबाकी आधीच झालेली.

दुसरी तऱ्हा नेट पे. एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा), शिक्षक आणि कौन्सिलमधले कर्मचारी यांच्या पेन्शन योजना अशा चालतात. पगार ४२,००० असेल तर त्यातून आधी पेन्शनचा वाटा काढतात आणि उरलेल्यावर कर लावतात. पी६० वर जो 'पे' दिसतो तो पेन्शन काढून उरलेला. म्हणजे इथेही वजाबाकी आधीच झाली.

तिसरी तऱ्हा रिलीफ ॲट सोर्स. नेस्टची (सरकारने उभारलेल्या पेन्शन संस्थेची) योजना अशी आहे, बऱ्याच विमा कंपन्यांच्या योजना अशा आहेत, आणि स्वतः काढलेली खासगी पेन्शन किंवा सिप (गुंतवणूक स्वतः निवडायची पेन्शन, म्युच्युअल फंडातली एसआयपी नव्हे) तर याच मार्गाने जाते. इथे कर आधी पूर्ण पगारावर कापतात, मग हातात येणाऱ्या पगारातून पेन्शन जाते, आणि सरकार वरून वीस टक्क्यांची भर पेन्शनच्या खात्यात टाकते. तुम्ही ८० पौंड भरले की खात्यात १०० होतात. पी६० वर मात्र पूर्ण पगारच दिसतो. वजाबाकी झालेली नाही. ती अर्जात तुम्हीच सांगायची.

आता त्या दोन घरांकडे परत येऊ. दोन्हीकडे ४२,००० अधिक १५,००० म्हणजे ५७,०००. धाकट्या भावंडाचे १,१३० वजा जाता ५५,८७०. (बायकांची पेन्शन आपण हिशेब सोपा ठेवण्यासाठी बाजूला ठेवू.) रुग्णालयात काम करणाऱ्या बापाची पेन्शन दहा टक्क्यांच्या जवळपास कापली जाते, साधारण ४,१००. ती त्याच्या पी६० मध्ये आधीच वजा होती. त्याने पी६० वरचा आकडा जसाच्या तसा अर्जात टाकला आणि काहीही न करता त्याला बरोबर उत्तर मिळाले: घराचे उत्पन्न पावणेबावन्न हजारांच्या आसपास, लोन साडेसहा हजार. खासगी कंपनीतल्या बापाच्या खिशातून वर्षाला ३,३६० गेले, त्यावर सरकारने ८४० घातले, पेन्शनच्या खात्यात एकूण ४,२०० जमा झाले. पण त्याची योजना रिलीफ ॲट सोर्स, म्हणून पी६० वर पूर्ण ४२,००० दिसत होते. अर्जात 'उत्पन्नातून वजा होणाऱ्या रकमा' असा भाग येतो तिथे त्याने काहीच लिहिले नाही. त्याला वाटले, पेन्शन तर पगारातूनच जाते, सरकारला ते माहीतच असणार. ४,२०० वर पौंडामागे पंधरा पेन्स लावून पाहा. सहाशेहून थोडे अधिक होतात. तीन वर्षांच्या कोर्समध्ये हीच चूक तीनदा झाली तर एकोणीसशेच्या घरात.

आणखी एक चूकही होते, आणि ती एनएचएसवाल्यांकडून जास्त. पी६० शोधायचा कंटाळा, म्हणून माणूस नेमणुकीच्या पत्रातला वार्षिक पगार टाकून मोकळा होतो. तो पेन्शन कापण्याआधीचा असतो. तिसऱ्या प्रकारची चूक म्हणजे दुहेरी वजाबाकी: पी६० वरचा आधीच कमी झालेला आकडा टाकायचा आणि शिवाय वजावटीच्या रकान्यातही तीच पेन्शन लिहायची. ही पचत नाही. स्टुडंट फायनान्स तुमच्या नॅशनल इन्शुरन्स नंबरावरून एचएमआरसीकडचे, म्हणजे करखात्याकडचे, आकडे ताडून पाहते, आणि जास्त गेलेले लोन पुढे वसूल होते.

आपली पेन्शन कुठल्या तऱ्हेची हे कसे ओळखायचे? मार्च महिन्याची पगारपावती आणि पी६० शेजारी ठेवा. वर्षभराच्या एकूण पगारापेक्षा पी६० वरचा पगार पेन्शनच्या रकमेएवढा कमी असेल तर वजाबाकी झालेली आहे. दोन्ही आकडे सारखे असतील आणि पावतीवर पेन्शन कापलेली दिसत असेल, तर तुमची योजना तिसऱ्या तऱ्हेची. पगारपावतीवर जर मूळ पगाराच्या खाली वजा चिन्ह लावून 'सॅलरी सॅक्रिफाइस' किंवा 'स्मार्ट पेन्शन' असे काही लिहिलेले असेल, तर पहिली. तरीही उलगडा होत नसेल तर पेरोलमधल्या माणसाला एका ओळीचा ईमेल करा. त्याला हा प्रश्न रोजचा आहे.

तिसऱ्या तऱ्हेत लिहायची रक्कम सरकारची भर धरून, म्हणजे ८० नव्हे १००. पेन्शन कंपनीच्या वार्षिक पत्रकात ती मिळते. त्यातून कंपनीने, म्हणजे मालकाने घातलेला वाटा मात्र बाजूला काढा. तो तुमच्या उत्पन्नात कधी धरलेलाच नव्हता, तेव्हा वजा करायचाही प्रश्न नाही.

कुठल्या वर्षाची पेन्शन?

इथे भलेभले फसतात. मूल २०२५ च्या सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सिटीत गेले, तर पहिल्या वर्षाचे लोन २०२३-२४ या करवर्षातल्या उत्पन्नावर ठरले. म्हणजे ६ एप्रिल २०२३ ते ५ एप्रिल २०२४. त्या काळात ते मूल कुठे होते? वर्ष सुरू झाले तेव्हा जीसीएसईची (आपल्या दहावीसारख्या परीक्षेची) तयारी करत होते, आणि संपले तेव्हा इयर १२ च्या, म्हणजे ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाच्या, दोन टर्म झाल्या होत्या. युनिव्हर्सिटीचा विषयही घरात धड निघालेला नसतो आणि लोनचा निर्णय करणारे वर्ष निघून गेलेले असते.

म्हणूनच निकालानंतर, ऑगस्टमध्ये, "आता पेन्शनमध्ये थोडे जास्त टाकू, लोन वाढेल" असे कोणी म्हणाले तर हसू दाबून सांगावे लागते की गाडी सव्वा वर्षापूर्वी सुटली. गेलेल्या करवर्षात पेन्शन मागे जाऊन भरता येत नाही. पेन्शन भरण्याची न वापरलेली वार्षिक मर्यादा पुढच्या वर्षांत ओढून वापरायची सोय आहे, पण तीतही पैसे ज्या वर्षी भरले त्याच वर्षाच्या उत्पन्नातून ते वजा होतात.

मात्र तिन्ही वर्षांचा हिशेब दरवर्षी नव्याने होतो, त्यामुळे सगळे हातचे गेलेले नसते. वरच्याच मुलाचे दुसऱ्या वर्षाचे लोन २०२४-२५ वर, तिसऱ्याचे २०२५-२६ वर. म्हणजे मूल पहिल्या वर्षाला असताना जे करवर्ष चालू आहे, त्यात भरलेली पेन्शन तिसऱ्या वर्षाच्या लोनमध्ये दिसते.

नोकरी गेली किंवा तास कमी झाले, असे काही घडले असेल तर वेगळी वाट आहे. चालू करवर्षाचे उत्पन्न त्या जुन्या वर्षापेक्षा निदान १५ टक्क्यांनी खाली येणार असेल, तर चालू वर्षाचा अंदाज देऊन नव्याने हिशेब करून घेता येतो. गेल्या काही वर्षांत आयटीत ज्यांच्यावर कपातीची कुऱ्हाड कोसळली, त्यांनी हे जरूर पाहावे. आईवडील वेगळे राहत असतील, तर मूल ज्यांच्याकडे राहते त्या पालकाचे उत्पन्न धरतात, आणि त्या पालकाचा नवा जोडीदार त्याच घरात राहत असेल तर त्याचेही. अर्थात त्याची पेन्शनही मग वजा होते.

मग लोन वाढवायला पेन्शन भरावी का?

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो आणि माझे उत्तर दरवर्षी तेच असते: त्यासाठी म्हणून, नाही.

आकड्यांनीच बोलू. वरच्याच घरातल्या बापाने ठरवले, की यंदा सिपमध्ये आणखी ६,४०० पौंड टाकू. सरकारची १,६०० ची भर धरून ते झाले ८,०००. घराचे उत्पन्न आठ हजारांनी कमी धरले जाईल आणि मुलाचे लोन सुमारे १,२०० पौंडांनी वाढेल. ऐकायला गोड वाटते. पण घरातल्या रोख पैशाकडे बघा. ६,४०० बाहेर गेले आणि १,२०० आत आले, तेही कर्ज म्हणून, तेही मुलाच्या नावावर. पेन्शनमधला पैसा ५५ वर्षांच्या आत हात लावता येत नाही, आणि ६ एप्रिल २०२८ पासून ते वय ५७ होणार आहे. मुलाच्या खोलीचे भाडे मात्र सप्टेंबरपासून दर टर्मला द्यायचे. लोन १,२०० ने वाढूनही मुलाला द्यायला हातात पैसाच उरला नाही, तर सगळा खटाटोप उलटा पडला.

आणि उतारावर नसाल तर काहीच हालत नाही. समजा घरात एकाचा पगार ६५,००० आणि दुसऱ्याचा १५,०००. बेरीज ८०,०००. लंडनबाहेरच्या लोनसाठी उतार ६२,४०० च्या आसपास संपतो, म्हणजे पेन्शनमधले पहिले साडेसतरा हजार लोनवर एक पेनीचाही परिणाम करत नाहीत. एक भावंड असेल तर सोळा-साडेसोळा हजार. लोन किमानच राहते. अशा घरांना पेन्शन भरायला इतर चांगली कारणे असतात. ५०,२७० च्या वरच्या पगारावर चाळीस टक्के कर वाचतो, आणि ६०,००० च्या वर गेल्यावर चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) परत द्यावे लागते तेही पेन्शन भरल्याने कमी होते, धाकटे मूल अजून शाळेत असेल तर. लोन हे त्या कारणांत येत नाही.

फायदा खऱ्या अर्थाने होतो तो कोणाला? जे घर उताराच्या मध्यावर आहे, पेन्शन तशीही वाढवणारच होते, आणि त्यातून दोन मुले एकाच वेळी युनिव्हर्सिटीत आहेत, त्यांना. कारण दोघांचेही लोन त्याच एका घराच्या उत्पन्नावर ठरते. तेच हजार पौंड पेन्शनमध्ये गेले की मोठीचे लोन दीडशेने वाढते आणि धाकट्याचेही. जुळी मुले असणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

लोन वाढणे ही मुळात चांगली गोष्ट आहे का, हाही प्रश्न आहे. मराठी घरात कर्ज या शब्दालाच एक ओझे आहे. अंथरूण पाहून पाय पसरण्यात आपण मोठे झालो. पण हे कर्ज होमलोनसारखे वागत नाही. १ ऑगस्ट २०२३ नंतर कोर्स सुरू केलेल्यांना परतफेडीचा प्लॅन ५ लागू आहे. पगार २५,००० च्या वर गेला की वरच्या रकमेच्या नऊ टक्के कापतात; ३०,००० पगार असेल तर वर्षाला ४५०. लोन ३० हजार असो की ६०, हप्ता तोच. फरक पडतो तो किती वर्षे कापले जाणार यात. चाळीस वर्षांनी उरलेले माफ होते. जुन्या प्लॅन २ मध्ये ही मुदत तीस वर्षे होती, त्यामुळे बऱ्याच जणांचे पूर्ण फिटत नसे. प्लॅन ५ मध्ये पूर्ण फेडणारे पुष्कळ जास्त असतील असा सरकारचाच अंदाज आहे. म्हणजे आज वाढून आलेले १,२०० हे फुकटचे समजू नका. चांगल्या पगाराच्या मुलीला ते व्याजासकट परत द्यायचे आहेत. पण ते नसतील तर तिने क्रेडिट कार्ड काढायचे किंवा अभ्यास सोडून रात्रपाळी करायची, असे असेल तर हेच कर्ज बरे.

आपल्या घरांचे काही खास गुंते

सगळ्यात आधी, हे लोन मिळते कोणाला? स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या आईवडिलांच्या, स्वतःही अवलंबित व्हिसावर असलेल्या मुलांना साधारणपणे नाही. कोर्स सुरू होताना इथला कायम राहण्याचा हक्क किंवा नागरिकत्व हवे, आणि त्याआधीची तीन वर्षे इथे वास्तव्य हवे. (लहानपणापासून इथेच वाढलेल्या, पण कागदपत्रे पूर्ण न झालेल्या मुलांसाठी वेगळा नियम आहे: अठराच्या आत असाल तर सात वर्षे, त्यापुढे निम्मे आयुष्य किंवा वीस वर्षे इथे काढलेली हवीत.) मुंबईहून इथे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याचा या लेखाशी संबंध नाही.

मग भारतातले उत्पन्न. कोथरूडच्या फ्लॅटचे भाडे, ठाण्यातल्या बँकेतल्या ठेवीचे व्याज, हे सगळे घराच्या उत्पन्नात येते. "एनआरई खात्याचे व्याज तर करमुक्त आहे ना?" आहे, भारतात. इथे राहणाऱ्याला इथे ते साधारणपणे करपात्र ठरते. आणि कळणार नाही या भरवशावर राहू नये; दोन्ही देशांची करखाती खात्यांची माहिती एकमेकांना देतात.

दुसरीकडे, भारतात पीपीएफमध्ये टाकलेले पैसे इथल्या वजावटीत बसत नाहीत. ते इथली करसवलत मिळणारे पेन्शन नव्हे. "ते पण म्हातारपणासाठीच आहेत ना!" हा युक्तिवाद भावनेला पटतो, नियमाला नाही.

स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टवर काम करणारेही आपल्यात पुष्कळ. ते बहुधा थोडा पगार आणि बाकी डिव्हिडंड घेतात. डिव्हिडंड घराच्या उत्पन्नात पूर्ण धरला जातो. पण कंपनीने मालक म्हणून थेट पेन्शनमध्ये घातलेली रक्कम कधीच त्यांच्या वैयक्तिक उत्पन्नात येत नाही, त्यामुळे ती वजा करायचीही गरज नाही. ही मंडळी स्वतःच्या नावे भरलेली पेन्शन आणि कंपनीने भरलेली पेन्शन यांची गल्लत करतात; अर्जात फक्त पहिली लिहायची.

आणि पंचावन्न ओलांडलेल्यांसाठी एक धोक्याची घंटा. मुलाच्या खर्चाला म्हणून पेन्शनमधून मोठी रक्कम उचलली, तर पंचवीस टक्के करमुक्त भाग सोडून उरलेली त्या वर्षीच्या उत्पन्नात जाते, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या मुलाच्या लोनवर कुऱ्हाड बनून पडते. पेन्शनने लोन वाढते, तसेच कमीही होते.

रांगेतल्या त्या बापाचे काय झाले?

त्यांनी घरी जाऊन पगारपावती आणि पी६० शेजारी ठेवले. दोन्हीवर ४२,०००. पेन्शन कंपनीच्या ॲपमध्ये २०२३-२४ चे पत्रक उघडले, त्यात स्वतःचा वाटा आणि सरकारची भर मिळून ४,२०० होते. मुलाच्या अर्जाला जोडलेल्या आपल्या पालक म्हणून असलेल्या खात्यात जाऊन त्यांनी वजावटीच्या रकान्यात तो आकडा भरला आणि पत्रक जोडले. भरलेल्या अर्जात बदल केला की लोन रद्द होते की काय, अशी त्यांना धास्ती होती. तसे काही नसते, फक्त हिशेब नव्याने होतो. मुलाला नवे पत्र आले ते ऑक्टोबरमध्ये: ६,५०० च्या थोडे वर. पहिला हप्ता जुन्याच आकड्याने आधी येऊन गेला होता. दिवाळीच्या फराळाला भेटले तेव्हा त्यांच्या बायकोने विचारले, "माझीही नेस्टची कापतात ना? ती धरली का?"

धरली नव्हती.